आढ्यातून गळणारा टार्प: सीलंटचा आणखी एक हात देण्याआधी

लक्षण असं. टार्प, म्हणजे ट्रेकला तंबूऐवजी डोक्यावर ताणायचं कापडी छत, घरी शिवलेला, हलक्या कापडाचा. पाऊस सुरू झाल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सगळं कोरडं असतं. मग दोन तुकडे जिथे जोडले आहेत त्या मधल्या शिवणीखाली एक थेंब लोंबायला लागतो. तो पडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. रात्री दोन वाजता उठावं तर स्लीपिंग बॅगच्या बरोबर मध्यावर ओला पट्टा उमटलेला. घरी येऊन टार्प वाळवायचा, शिवणीवर सीलंटचा, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या लेपाचा, हात फिरवायचा. पुढच्या ट्रेकला थेंब पुन्हा त्याच जागी.

मी हे दोन पावसाळे केलं. शिवणीवर सीलंटचे तीन थर चढले, शिवण चामड्याच्या पट्ट्यासारखी ताठ झाली, आणि गळती होतीच. ज्यांचा टार्प असाच गळतोय त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: बहुतेक वेळा दोष सीलंटचा नसतो, त्या शिवणीवर पडणाऱ्या ओढीचा असतो. ओढ आहे तशी ठेवून वरून कितीही थापलं तरी ते एका रात्रीपुरतं टिकतं.

शब्द मी कौलारू घराचेच वापरते, कारण टार्प हे शेवटी छप्परच आहे. मधली उंच रेघ म्हणजे आढं, दोन्ही बाजूंचे उतार म्हणजे पाखी, खालची कड म्हणजे वळचण.

माझा टार्प ३ मीटर लांब आणि जेमतेम २.९ मीटर रुंद. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेलं ३० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे पसरू नये असं विणलेलं, नायलॉन, चौरस मीटरला सुमारे ४८ ग्रॅम. तयार टार्प दोर सोडून अर्ध्या किलोच्या आत बसतो. त्याच मापाची बाजारातली साधी ताडपत्री घेतली तर ती किलोच्या वर जाते आणि घडी उशीएवढी होते. हलकेपणाची किंमत म्हणजे ही आढ्याची शिवण. असं कापड साधारण दीड मीटर पन्ह्याचं मिळतं, त्यामुळे दोन पट्टे जोडल्याशिवाय तीन मीटर रुंदी होत नाही. आणि तो जोड नेमका डोक्यावर येतो.

ओढीची गोष्ट माझ्या लक्षात आली ती पाचनईला. जुलैचा महिना, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी एका घरामागे, त्यांना विचारून, आम्ही दोघी मैत्रिणींनी टार्प लावला होता. रात्रभर थेंब पडले. सकाळी घरचे मामा चहा घेऊन आले, टार्पखाली वाकून बघितलं, आढ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, घर दर टायमाला कौल फुटून गळत न्हाई. वासा हलला की कौल सरकतं. तुम्ही नुसतं कौलच बदलत बसलाय."

घरी आल्यावर टार्प गल्लीतल्या टेलरकाकांकडे नेला. त्यांनी शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले आणि कापड आडवं ताणलं. जोडाच्या फटीत दोऱ्याचे आडवे टाके दिसायला लागले, शिडीच्या पायऱ्यांसारखे. प्रत्येक टाक्याच्या दोन्ही टोकांना सुईचं भोक लांबट झालेलं. "बघ, शिवण दात दाखवतेय," काका म्हणाले. "अगं, ही साधी टीप आहे. परकराला चालेल. पँट मागून उसवते तेव्हा कापड फाटतं का? नाही. टिपेला ओढ बसते. तुझ्या या छपराला तर चारी बाजूंनी ओढ आहे." आणि पुढे विचारलं, "ही भोकं तू लेप लावून बुजवलीस, तेव्हा कापड ताणलेलं होतं की ढिलं?"

ढिलं होतं. घरात फरशीवर पसरूनच मी तिन्ही वेळा सीलंट लावलं होतं.

आधी खात्री करा की शिवणच गळते आहे

उसवाउसवी किंवा थापाथापी करायच्या आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की टार्पच्या आतल्या बाजूला आपल्याच श्वासाचं आणि ओल्या जमिनीचं पाणी जमतं. वरून टपोरे थेंब आदळले की ते झटकलं जाऊन तोंडावर तुषार येतात, आणि आपण म्हणतो कापडच झिरपतंय. फरक ओळखायला सोपा आहे. साठलेली दमट वाफ सगळ्या पाख्यावर सारखी दिसते, रुमालाने पुसली की गेली आणि तासाभराने पुन्हा सगळीकडे आली. शिवणीची गळती रेघेवर असते आणि पुसल्यावर त्याच ठिकाणी लगेच परत येते.

दुसरा चोर म्हणजे दोर. दोन झाडांमध्ये दोर बांधून त्यावर टार्प टाकला असेल तर झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी दोरावर उतरतं आणि दोराच्या अंगाने सरळ टार्पखाली येतं. दोर मध्यभागी किंचित झोळ खातो, म्हणून थेंबही मध्यावरच पडतो. ज्याला आपण शिवणीची गळती समजतो ती ही असू शकते. टार्पच्या कडेबाहेर वीतभर अंतरावर दोराला सुती चिंधी किंवा सुतळीचा तुकडा गाठ मारून लोंबता ठेवा. पाणी तिथून खाली गळून जातं, आत येत नाही. हे दोन्ही टोकांना करा. माझ्या मैत्रिणीच्या टार्पची 'गळती' एवढ्यानेच थांबली, तिची शिवण पहिल्यापासून चांगलीच होती.

या दोन्ही गोष्टी नाहीत अशी खात्री झाली की घरी बादलीची परीक्षा घ्या. शिवण मधोमध येईल असं कापड रिकाम्या बादलीच्या तोंडावर पसरा, किंचित खोलगट ठेवून सुतळीने काठाला घट्ट बांधा आणि त्या खोलगट भागात दहा सेंटीमीटर पाणी ओता. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. कापडाच्या जाहिरातीत १५०० किंवा २००० मिलिमीटर असा आकडा असतो, त्याचा अर्थ तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड अडवतं. आपली परीक्षा फक्त १०० मिलिमीटरची आहे. धड कापडाला ती काहीच नाही, पण उघड्या भोकाला पुरते. पहिल्या दहा मिनिटांत थेंब आला तर कापडाला दोष देऊ नका. बादली सरकवत शिवणीची पूर्ण लांबी तपासा आणि जिथे थेंब येतो तिथे खुणेचा दोरा बांधा.

मी हे केलं तेव्हा तीन मीटरच्या शिवणीवर सात जागा सापडल्या. पाच मधल्या एक मीटरमध्ये होत्या, म्हणजे जिथे ओढ सगळ्यात जास्त तिथेच.

भोकं किती, आणि केवढी

जरा हिशेब करू. टाका तीन मिलिमीटरचा धरला तर तीन मीटर शिवणीच्या एका टिपेत १००० भोकं पडतात. टाका दोन मिलिमीटरचा केला, कारण 'बारीक टाका म्हणजे मजबूत' असं आपल्याला शिकवलेलं असतं, तर तीच संख्या १५०० होते. कॉटनच्या ब्लाउजला बारीक टाका शोभतो. या कापडावर मात्र तो पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी रांग पाडतो आणि ओढ आली की त्या रांगेतूनच कापड फाटायला बघतं. तीन ते साडेतीन मिलिमीटर ठेवा.

सुईचं तर आणखी महत्त्वाचं. घरच्या मशीनवर बहुतेक वेळा १६ नंबरची सुई लावलेली असते, कारण तिच्यावर सगळं शिवून होतं. तिची जाडी १ मिलिमीटर. ११ नंबरची सुई ०.७५ मिलिमीटर. ऐकायला पाव मिलिमीटरचा फरक, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. ११ किंवा १२ नंबरची नवी कोरी, अणकुचीदार सुई घ्या. बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते, आणि तुटलेल्या धाग्याचं भोक कधीच मिटत नाही. एका टार्पला मी दोन सुया वापरते, अर्ध्यावर बदलून.

आणि दोरा. माझ्या पहिल्या टार्पला आईच्या डब्यातलं सुती रीळ वापरलं होतं. जाड किंतानाच्या तंबूला सुती दोरा चालतो, कारण भिजल्यावर तो फुगतो आणि भोक भरतो, शिवाय आजूबाजूचं कापडही फुगतं. सिलिकॉनच्या कापडाला फुगणं माहीत नाही. इथे सुती दोरा दिव्याच्या वातीसारखं काम करतो. वरचं पाणी शोषून आत आणून सोडतो. वर बुरशी धरून दोन पावसाळ्यांत कुजतो ते वेगळंच. चांगला पॉलिएस्टर दोरा घ्या, बॉबिनलाही तोच.

दोऱ्याचा ताण वर आणि खाली सारखा हवा. कापड उलटं करून बघा. बॉबिनचा दोरा सरळ ताठ रेघेसारखा पडलेला दिसला आणि वरच्या दोऱ्याचे नुसते ठिपके त्यावर आले असतील, तर वरचा ताण सैल आहे. गाठ कापडाच्या जाडीत बसायला हवी, ती एका बाजूला आली की भोक उघडं राहतं. हे कापड इतकं पातळ आहे की मशीन मुळात चुकीचा ताण देतं. एका कापलेल्या तुकड्यावर वीतभर टीप मारून, ती आडवी ओढून बघितल्याशिवाय मुख्य कापडाला हात लावू नका.

टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी एक भोक आहे. मी कागदाला लावायचे काळे बाइंडर क्लिप वापरते, दर वीतभर अंतरावर एक. कापड बुळबुळीत असल्यामुळे मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा मागे राहतो, तीन मीटरच्या शेवटी दोन बोटांचा फरक पडतो. एक हात सुईच्या पुढे, एक मागे, दोन्हीकडून सारखं ताणून धरलं आणि पायमशीन सावकाश चालवलं की हा फरक येत नाही.

काठाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. कापडाच्या दोन्ही काठांना कारखान्यात ताणून धरण्यासाठी टोचलेल्या बारीक छिद्रांची रांग असते, आणि लेपही काठापर्यंत नीट आलेला नसतो. पन्हा वाचवायला म्हणून आपण काठाला काठ जोडतो आणि ती रांग शिवणीत जाते. माझ्या सात जागांपैकी एक तीच होती. उजेडासमोर धरून बघा, छिद्रं दिसतात. तेवढा भाग, दीडेक सेंटीमीटर, कापून टाका.

ओढ शिवणीवरून उतरवायची कशी

जीन्सच्या पायाची आतली शिवण बघा. दोन समांतर टिपा, कडा आत दुमडलेल्या, कुठेही सुटं कापड नाही. आढ्याला हीच शिवण हवी. एका तुकड्याची कड दुसऱ्यापेक्षा एक सेंटीमीटर पुढे ठेवून पहिली टीप मारा. पुढे आलेली कड लहान कडेवर दुमडा, सगळं एका बाजूला आडवं झोपवा आणि दुमडीच्या काठाजवळून दुसरी टीप घाला. आता पाखी ओढली जातात तेव्हा दुमडी एकमेकींत अडकतात आणि ओढ दोन्ही टिपांत वाटली जाते. पहिली टीप तर दुमडीखाली झाकलीच जाते, पाण्याला थेट दिसत नाही. काकांनी नमुन्याचा तुकडा असा शिवून दाखवला आणि पुन्हा अंगठे लावून ओढला. शिडी दिसली नाही.

आढ्याखेरीज पाख्यातही कुठे आडवा जोड असेल तर दुमडीचं तोंड खाली, वळचणीकडे ठेवा. वरचं कौल खालच्यावर चढतं तसंच. उलटं ठेवलं तर दुमडीत पन्हळ तयार होते आणि पाणी तिथे साठतं.

दुसरी ओढ लांबीच्या दिशेने असते. आढ्याच्या दोन टोकांना दोर बांधून टार्प झाडांना करकचून ताणला की सगळा भार शिवणीतून जातो. नायलॉन ताणतं, दोरा तेवढा ताणत नाही, आणि वाऱ्याच्या झोताला 'टिक' असा आवाज येतो तो टाका तुटल्याचा असतो. म्हणून मी आता झाडापासून झाडापर्यंत एक सलग दोर आढ्याखालून नेते आणि तो हवा तेवढा घट्ट करते. टार्प त्यावर फक्त टेकतो. दोन्ही टोकांना प्रुसिक गाठीने (हाताने सरकते, पण ओढ आली की दोर घट्ट धरते अशी गाठ) टार्प दोराला अडकवते, हाताने ओढून सुरकुती जाईल एवढाच ताण. भार दोर घेतो, शिवण घेत नाही. प्रुसिक हवीच, कारण टार्प दोरावर पुढे-मागे घासला तर आतलं सीलंट खरवडलं जातं.

आढ्याखाली दोर असेल तर आढं सरळच कापा. वळचणीच्या कडा मात्र आत वळवून कापा, नाहीतर त्या वाऱ्यात फडफडतात आणि प्रत्येक फडफड आढ्याच्या शिवणीला झटका देते. तीन मीटरच्या कडेला मध्यभागी आठ-दहा सेंटीमीटर आत पुरे. हा वक्र काढायची सोपी रीत आहे. भिंतीवर एकाच उंचीला तीन मीटर अंतरावर दोन खिळे ठोका, त्यांच्यात बारीक लोखंडी साखळी सोडा, मध्यावर दहा सेंटीमीटर झोळ येईल इतकी सैल. साखळीमागे जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पेन्सिलने रेघ ओढा. साखळी आपल्या वजनाने जो आकार घेते तोच ताणलेल्या कडेला हवा असतो. रेघ कापडावर उतरवा, दुमडीसाठी दोन सेंटीमीटर जास्त ठेवून कापा.

नायलॉनचा एक स्वभाव माहीत असू द्या. ते पाणी धरतं आणि भिजल्यावर तीन-चार टक्के सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला टार्प रात्री झोळी होतो, झोळीत पाणी साठतं आणि ते वजन पुन्हा शिवणीवर. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एकदा बाहेर जाऊन सगळ्या खुंट्यांचे दोर पुन्हा ताणा, सरकगाठ असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. पॉलिएस्टरचं सिलिकॉन कापड यापेक्षा खूपच कमी सैल होतं. पुढचा टार्प मी त्याचाच शिवणार आहे.

मग सीलंट, आणि तेही योग्य जातीचं

सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं. तुमच्या कापडाला कोणता लेप आहे हे दुकानदाराच्या शब्दावर ठेवू नका. 'पॅराशूट कापड' या एकाच नावाखाली बाजारात तऱ्हेतऱ्हेची कापडं विकली जातात. एकदा मला सिलिकॉन म्हणून जे दिलं त्याच्या एका बाजूला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप निघाला. साध्या चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंना लावून बघा. सिलिकॉनवर ती धरत नाही, पडते. पीयूवर घट्ट बसते. पीयूच्या बाजूवर सिलिकॉन लावलंत तर वाळल्यावर ते पापुद्र्यासारखं निघून येतं, तिथे पीयूचंच सीलंट किंवा पट्टी हवी.

सिलिकॉनच्या कापडाला काचा आणि माशांच्या टाक्या जोडायला वापरतात ते शंभर टक्के पारदर्शक सिलिकॉन चालतं. ट्यूबमधून तसंच लावलं तर ते वर बसतं, भोकात उतरत नाही. माझ्या तीन थरांचं तेच झालं होतं. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घालून ते पातळ करा, एक भाग सिलिकॉनला दोन ते तीन भाग टर्पेंटाइन, कढीइतकं दाट होईपर्यंत. काचेच्या बाटलीत ढवळा, पातळ प्लास्टिकचा कप टर्पेंटाइनने विरघळू शकतो. काम उघड्यावर करा आणि जवळपास शेगडी, उदबत्ती काही नको. थोडं थोडंच कालवा, कारण तासाभरात ते घट्ट व्हायला लागतं.

शिवण आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसा. आणि आता मुख्य गोष्ट: टार्प गच्चीवर दोराला टाका, जंगलात लावता तसाच ताणा, खुंट्यांच्या जागी पाण्याचे कॅन किंवा विटा बांधा. सुईची भोकं जितकी उघडायची तितकी उघडू द्या आणि त्या स्थितीत छोट्या ब्रशने सीलंट भोकात दाबून भरा. आधी बाहेरून, मग आतून दोऱ्याच्या रेघेवर. ढिल्या कापडावर भरलेलं सीलंट कापड ताणलं की चिरतं. मी फरशीवर बसून घालवलेल्या तीन संध्याकाळी त्यातच गेल्या.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, त्यामुळे दमट दिवस त्याला बाधत नाही, पण कापड स्वतः खडखडीत कोरडं हवं. चोवीस तास हात लावू नका. व्हिनेगरसारखा वास गेला की समजा झालं. मग शिवणीवर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर घडीत थर एकमेकांना चिकटतात. गावाकडे पावसाळ्याआधी घरं शाकारतात, तसं मी हे मे महिन्यात करते. पाऊस तोंडावर आलेला असताना, शुक्रवारी रात्री हे काम होत नाही.

दोर बांधायच्या जागांवर जे जोड-तुकडे शिवतो त्यांच्या टिपांनाही हाच हात द्या. तिथली गळती वळचणीशी असते, बहुतेकदा अंगावर येत नाही, पण पाख्याच्या मध्यावर बाहेर ओढायला दोर बांधतो ती जागा विसरू नका.

आधीच शिवून झालेल्या टार्पचं काय

उसवू नका. उसवलेली भोकं तशीच राहतात आणि नवी टीप शेजारी आणखी हजार पाडते. आतल्या कडा पुरेशा रुंद असतील, निदान दीड सेंटीमीटर, तर त्या एका बाजूला दुमडून दुसरी टीप घाला, वर सांगितलेल्या शिवणीच्या बरंच जवळ जाता येतं.

माझ्या कडा जेमतेम पाऊण सेंटीमीटर होत्या. मग मी आढ्यावर पट्टी बसवली, टीप न मारता. त्याच कापडाची पाच सेंटीमीटर रुंद, तीन मीटर लांब पट्टी कापली. तिचं वजन सात ग्रॅम. ताठ झालेलं जुनं सीलंट, जिथे नखाने सुटत होतं तिथे, काढून टाकलं. स्पिरिटने पुसून, पातळ न करता सिलिकॉनची वेलांटीसारखी रेघ शिवणीच्या दोन्ही बाजूंना सोडली, जुन्या एटीएम कार्डाने ती कागदाइतकी पातळ पसरली, आणि पट्टी एका टोकापासून हळूहळू टेकवत, हवेचे फुगे बोटाने बाहेर ढकलत नेली. खाली पाट, वर पाट, त्यावर धान्याचे डबे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. आई स्वयंपाकघरातून दर तासाला विचारत होती की तांदळाचा डबा कधी मिळेल.

ही पट्टी भोकं झाकते आणि थोडी ओढही घेते, कारण दोन्ही पाख्यांना ती चिकटलेली असते, शिवलेली नसते. पण खालची टीप साधीच आहे, म्हणून या टार्पला मी दोराशिवाय कधीच लावत नाही.

यंदा जुलैत त्याच घरामागे तोच टार्प लावला. आढ्याखाली, मॅटच्या कडेला, लांबीभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं आणि झोपले. रात्री एकदा उठून दोर ताणले. सकाळी कागद मधोमध कोरडा होता, अक्षरं न पसरलेली. फक्त पायाच्या टोकाला, वितीएवढा भाग ओला. मामांनी वाकून बघितलं आणि बाहेर दोराकडे बोट दाखवलं. त्या टोकाची चिंधी वाऱ्याने दोरावरच गुंडाळली गेली होती आणि पाणी तिच्यावरून पुढे सरकून आत आलं होतं. आता चिंधीच्या खालच्या टोकाला शर्टाचं एक जुनं बटण शिवलं आहे, ती लोंबती राहावी म्हणून.